मदत हवी आहे: ‘पूस की रात’ या कथेच्या शेवटाचा अर्थ

प्रेमचंद यांच्या ‘पूस की रात’ या हिंदी कथेचा अभ्यास करताना मी शेवटाशी अडलो आहे. घोंगडीसाठी मजुरीतून जमवलेले ३ रुपये कर्जापोटी सहना या धनकोला द्यावे लागतात, तेथवर शेतकरी हलकू आणि त्याची पत्नी मुन्नी यांचे दुःख एकच वाटते; परंतु नीलगायींनी पीक फस्त केल्यावर, आता मजुरी करून शेतसारा भरावा लागेल या चिंतेत मुन्नी असताना, हलकू मात्र थंडीत राखणीला झोपावे लागणार नाही म्हणून प्रसन्न होतो. ही प्रसन्नता म्हणजे पराभव, की सुटका? (हलकूचा कुत्रा जबरा भुंकत असूनही मालक उबेतून उठत नाही, हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो.) शेती सोडण्याचा आग्रह मुन्नीने आरंभीच धरलेला असतो, त्या संवादाशी हा शेवट कसा जोडावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.