मदत हवी आहे : चटका आधी, आग नंतर हे वर्गात कसे दाखवावे?

नमस्कार. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. परवा एका मुलीने विचारले, “बाई, भाकरी उलटताना तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, मग चटका कळतो, आणि आग तर त्याच्याही नंतर होते, असे का?” प्रश्न फार नेमका होता. हात मागे घेण्याचा आदेश मेंदूची वाट न पाहता पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूतूनच निघतो, हे मी सांगितले. चटक्याची कळ मायेलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असलेल्या चेतातंतूंतून सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने जाते, तर आग आवरण नसलेल्या तंतूंतून जेमतेम ०.५ ते २ मीटर वेगाने. मुलांना रांगेत उभे करून, हात दाबत निरोप पुढे पाठवायला लावला. पण त्यात एकच वेग दिसतो. दोन्ही वेग एकदम दिसतील असा साधा प्रयोग कोणी घेतला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.