मदत हवी आहे : मीठफुटीचा दोष कोणत्या व्यवस्थेच्या खात्यावर टाकावा?

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात पुढील महिन्यात ‘पर्यावरणाची हानी साम्यवादात अधिक की भांडवलशाहीत’ या विषयावर मला बोलायचे आहे. चेर्नोबिल आणि भोपाळ यांविषयी बहुतेकांनी वाचलेले असते, म्हणून मी जमिनीत वर येणारे मीठ, म्हणजे मीठफुटी, हाच विषय धरला आहे. त्याला कारण घरचेच आहे. नदीकाठच्या आमच्या काळ्या रानात उसाला वर्षानुवर्षे पाटाने पाणी पाजले, निचऱ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि आता उन्हाळ्यात वरंब्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर येतो.

सोव्हिएत राजवटीचे उदाहरण सोपे आहे. कापसासाठी मध्य आशियातील अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवले गेले, आणि १९६० साली सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेला अरल समुद्र २००७ पर्यंत मूळच्या दहाव्या हिश्शावर आला. त्याच्या काठच्या मुयनाक बंदरातील बोटी वाळूत गंजत पडल्या. अस्तर नसलेल्या कालव्यांतून पाझरलेल्या पाण्याने तिथल्या शेतांतही मीठ वर आणले.

भांडवलशाहीच्या बाजूने मी कॅलिफोर्नियातील सॅन होआकिन खोरे घेतले. तेथील मीठफुटीवर उपाय म्हणून जमिनीखालून निचऱ्याचे पाईप टाकले आणि ते पाणी केस्टरसन जलाशयात सोडले. पाण्यातील सेलेनियम या जास्त प्रमाणात विषारी ठरणाऱ्या मूलद्रव्यामुळे १९८३ मध्ये तेथे पाणपक्ष्यांची व्यंग असलेली पिल्ले आढळली. परंतु इथेच घोडे पेंड खाते. शेते खाजगी असली तरी कालवा केंद्र सरकारचा होता आणि पाणी स्वस्तात, सरकारी सवलतीने मिळत होते. मग हा दोष बाजाराचा म्हणायचा की सरकारचा? आमच्याकडे तर जमीन शेतकऱ्याची, कारखाना सहकारी आणि धरण शासनाचे, म्हणजे दोन्ही चौकटींत न बसणारे.

मालकी कोणाची यापेक्षा, पाण्याची किंमत कोण भरतो आणि नुकसान होणाऱ्याला विचारले जाते का, या निकषांवर तुलना करावी असे मला वाटते. हे निकष ग्राह्य आहेत का, आणि सरकारी पाण्याचा हात नसलेले मीठफुटीचे एखादे उदाहरण कोणाला ठाऊक आहे का? आमच्या रानातही पाईप टाकायचे घाटत आहे. ते खारे पाणी ओढ्यातून कृष्णेतच जाणार, हे श्रोत्यांपैकी कोणीतरी काढणारच, तेव्हा त्याचे उत्तरही सुचवावे.