तिकडे विकास झाला की इकडे येणं थांबेल का?

प्रेषक: काका (ग्रंथालय विभाग)

मंडळी नमस्कार,

हल्ली बातम्या लावल्या की एकच विषय, बाहेरून येणारी माणसं. आपणही बाहेरूनच आलेलो, त्यामुळे ह्या वादात मी सहसा पडत नाही. पण एक मुद्दा मला मनापासून पटतो आणि तो कोणी नीट मांडत नाही. भिंती बांधा, बोटी अडवा हे सगळं वरवरचं आहे. गरीब देशांत कारखाने निघाले, शाळा-दवाखाने झाले, हाताला काम मिळालं तर घरदार सोडून कोण कशाला येईल? मग श्रीमंत देशांनी तिकडे पैसा ओतावा की, त्यांच्याच फायद्याचं आहे. सरळ हिशोब! कुणाला चूक वाटत असेल तर सांगा, रिटायर माणूस आहे, वाद घालायला वेळ भरपूर आहे.

काका

-----

प्रेषक: ताई (खजिनदार)

काका नमस्कार,

हिशोब सरळ वाटतो खरा, पण माझं रोजचं कामच ह्या आकडेवारीचं असल्यामुळे गप्प बसवेना. मेल लांबणार आहे, सांभाळून घ्या.

सगळ्यात गरीब देशातून सगळ्यात जास्त माणसं बाहेर पडत असणार असं आपण धरून चालतो ना, गडबड तिथेच आहे. मायकेल क्लेमेन्स म्हणून एक अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी हे मांडून दाखवलंय. क्रयशक्तीच्या हिशोबाने, म्हणजे तिथल्या भावांशी जुळवून घेतलेलं, दरडोई उत्पन्न २,००० डॉलरच्या खाली असलेले देश एका बाजूला आणि ५ ते १० हजार डॉलरवाले दुसऱ्या बाजूला ठेवले, तर परदेशात जाऊन राहिलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटात सरासरी तिप्पट निघतं. साधारण १० हजारांच्या पुढे मग उतार लागतो. अभ्यासक ह्याला मायग्रेशन हंप म्हणतात, म्हणजे स्थलांतराचा उंचवटा.

कारण शोधायला फार लांब जायला नको. बाहेर पडायला पैसे लागतात. पासपोर्ट, तिकीट, एजंट, तिकडे पोचल्यावर पहिला पगार हातात येईपर्यंतचे दिवस, आणि मागे राहिलेल्यांचं पोट. ज्याचं हातावर पोट आहे त्याला ह्यातलं काहीच झेपत नाही. त्याला जायचं नसतं असं नाही हो, त्याला जाता येत नाही. मग कधीतरी घरात थोडे पैसे खेळायला लागतात, पोरगा चार बुकं शिकतो, ओळखीतला कोणी बाहेर जाऊन आलेला असतो, आणि तेव्हा कुठे हे आपल्याला जमण्यासारखं आहे असं पहिल्यांदा वाटतं. विकासाने जायची ऐपत आधी येते, जायची गरज संपते ती फार नंतर.

एक उदाहरण देते, देशातल्या देशातलं आहे पण मला फार बोलकं वाटतं. बांगलादेशात रंगपूर भागात भात कापणीला येण्याआधी काही आठवडे शेतमजुरांना कामच नसतं, मोंगा म्हणतात त्याला, अर्धपोटी राहायचे दिवस. शहरात तेव्हा काम असतं, बसने जाता येतं, तरी लोक जात नसत. २००८ साली अर्थतज्ज्ञ मुश्फिक मोबारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांना ६०० टका दिले, त्या वेळचे साडेआठ डॉलर. अट एकच, घरातल्या कोणीतरी कामासाठी शहरात जायचं. एरवी शंभरातली ३६ घरं माणूस पाठवायची, ती ५८ झाली. आणि पुढच्या वर्षी काहीही न देता त्यातले बरेच जण आपणहून पुन्हा शहरात कामाला गेले. म्हणजे अडलं होतं ते फक्त भाड्यापाशी, आणि गेलो नि काम नाही मिळालं तर घरी खायचं काय ह्या भीतीपाशी. बरं, मेक्सिकोत सरकार मुलांच्या शाळेच्या अटीवर गरीब आयांना रोख पैसे द्यायचं. कुणाला सीमेपलीकडे धाडायचा त्या योजनेचा काही संबंधच नव्हता, पण त्या घरांतून अमेरिकेत कामाला जाणारे वाढले असं नंतरच्या अभ्यासात निघालं.

मेक्सिकोचं पुढे बोलायचं तर नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा नि मेक्सिको ह्यांच्यातला मुक्त व्यापार करार. राष्ट्राध्यक्ष सालिनास तेव्हा हेच सांगायचे की आम्हाला माल निर्यात करायचाय, माणसं नाही. करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. मेक्सिकोत जन्मलेले आणि अमेरिकेत राहणारे १९९० ला चाळीस-पंचेचाळीस लाख होते, २००७ पर्यंत ते सव्वा कोटीच्या वर गेले. सगळं खापर नाफ्टावर मी फोडणार नाही, १९९४ च्याच डिसेंबरात मेक्सिकोचं चलन पेसो कोसळलं, अमेरिकेत कामाला माणसं हवीच होती, आणि सत्तरच्या दशकात जन्मलेली भलीमोठी पिढी नेमकी तेव्हाच नोकरी शोधत होती. पण कमाल बघा, अमेरिकन संसदेने स्वतःच नेमलेल्या एका आयोगाने १९९० सालीच अहवालात लिहून ठेवलं होतं की विकास हाच शेवटचा उपाय असला तरी नजीकच्या काळात त्याने स्थलांतर वाढेलच. अहवाल वाचतो कोण म्हणा!

ताई

-----

प्रेषक: डॉक्टर

काका, ताई,

किती जातात ह्यापेक्षा कोण जातं ह्याची मला जास्त काळजी वाटते. गरीब देशाने तुटपुंज्या पैशातून एक नर्स, एक डॉक्टर घडवायचा आणि तयार झाला की श्रीमंत देशाने उचलून न्यायचा. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी सत्तरच्या दशकात सुचवलं होतं की अशा लोकांच्या परदेशातल्या कमाईवर कर लावा आणि तो मूळ देशाच्या कामी येऊ दे. कल्पना कागदावरच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये भरतीची आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक. २०२३ च्या त्यांच्या यादीत ५५ देश असे आहेत जिथे आरोग्य कर्मचाऱ्यांची आधीच इतकी ओढाताण आहे की तिथून जाहिराती देऊन माणसं ओढू नयेत. तरी माणसं जातातच.

ताईंनी फिलिपिन्सचं सांगायच्या आधी मीच सांगतो, तिथल्या नर्सेसवरचा पेपर मी वाचलाय. २००० नंतर काही वर्षं अमेरिकेने नर्सेसना जास्त व्हिसा दिले तेव्हा तिकडे इतक्या पोरी नर्सिंगला गेल्या की बाहेर गेलेल्या एका नर्समागे नऊ नव्या नर्सेसनी लायसन्स घेतलं. ठीक, मान्य. पण तिथे खाजगी नर्सिंग कॉलेजं भराभर निघू शकली, फी भरणारे पालक होते, आणि सरकार १९७४ पासून माणसं बाहेर पाठवायचं काम पद्धतशीर करतंय. जिथे मुळात कॉलेजच एक-दोन आहेत आणि शिकवणारेच निघून जातात तिथे हे गणित कसं जमणार? शिवाय लायसन्स घेतलं म्हणजे आडगावच्या दवाखान्यात नर्स बसली असं होत नाही.

डॉक्टर

-----

प्रेषक: काका

ताई, मेल दोनदा वाचला. रंगपूरचं पटलं, पण तू मला अर्धीच गोष्ट सांगितलीस. दक्षिण कोरिया घे. १९६३ पासून त्यांची माणसं पश्चिम जर्मनीच्या कोळसा खाणीत उतरत होती, नर्सेस जात होत्या, सत्तरच्या दशकात आखातात बांधकामावर गेले. आणि आज? आज त्यांनाच बाहेरून कामगार आणावे लागतात. इटली, स्पेन, आयर्लंड, सगळीकडे तेच झालं. म्हणजे विकासाने थांबलंच की! तुझा तो उंचवटा असेल, पण पलीकडे उतारही आहे ना? आणि तुझं म्हणणं धरून चाललो तर मदत करूच नये असं निघतं, ते काही मला झेपत नाही.

काका

-----

प्रेषक: ताई

काका, कोरियाचं शंभर टक्के बरोबर. फक्त घड्याळ बघा. पहिले खाणकामगार १९६३ ला गेले, आणि बाहेरून कामगार आणायची आत्ताची परमिट पद्धत २००४ ला सुरू झाली. चाळीस वर्षं! आणि कोरियाइतक्या वेगाने वर आलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. निवडणूक चार-पाच वर्षांनी असते, त्यामुळे ज्या पुढाऱ्याने पैसे ओततो नि लोंढा थांबवतो असं सांगितलं त्याच्या कारकिर्दीत झालाच तर उलटाच परिणाम दिसेल, आणि मग मदत वाया गेली म्हणून तीच बंद होईल. माझा राग मदतीवर नाही, तिच्या गळ्यात हे लोढणं अडकवण्यावर आहे. युरोपियन युनियनने २०१५ ला माल्टातल्या व्हॅलेटा परिषदेत आफ्रिकेसाठी खास निधी काढला, स्थलांतराची मूळ कारणं दूर करायला, तो पुढे जवळपास ५ अब्ज युरोंपर्यंत गेला. त्यातून शाळा झाली, पाणी आलं तर उत्तमच. पण ती शाळा किती जण बोटीत बसले नाहीत ह्यावर मोजायची?

आणि उतार नुसत्या पैशाने येत नाही. १९६० च्या सुमारास कोरियात बाईमागे सरासरी सहा मुलं होती, २०२३ ला ०.७२. मेक्सिकोतही सहाच्या वरून दोनच्या आसपास आले. कामाच्या शोधात निघायचं ते मुख्यतः विशी-तिशीत, ती पोरंच कमी झाली की लोंढा आपोआप आटतो. उत्पन्न, शिक्षण, मुलांची संख्या हे सगळं एकातच गुंतलेलं असतं, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळं काढणं महाकठीण.

आता माझ्याच बाजूचं एक दुखणं. त्या उंचवट्याचा ग्राफ वेगवेगळे देश एकाच वेळी शेजारी उभे करून काढतात. एकच देश वर्षानुवर्षं धरून बघितला तर? बेन्चेक आणि श्नायडरहाइन्झ ह्या दोन अभ्यासकांनी तसं केलं तर त्यांना उलटं दिसलं, गरीब देशाची वाढ चांगली झाली त्या काळात श्रीमंत देशांकडे जाणारे कमी झाले. क्लेमेन्सनी पुढे देश वर्षानुवर्षं धरूनही हिशोब केला, त्यात त्यांना परत चढच दिसला. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं. चार वर्षं हाताला काम मिळालं तर ज्याची बॅग भरलेली असते तो थांबतो. पण त्याच चार वर्षांत त्याची धाकटी भावंडं शाळेत जातात आणि दहा वर्षांनी बॅग भरतात.

डॉक्टर, तुमचा कॉलेजचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक, सगळे निघालेत असं बातम्यांतून वाटतं, पण संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजात आपला जन्मदेश सोडून राहणारे ३०.४ कोटी आहेत, जगाच्या ३.७ टक्के. बाकीचे आहेत तिथेच आहेत.

ताई

-----

प्रेषक: युवा विभाग

काका, ताई, डॉक्टर, मोठ्यांच्या मधे बोलतोय, पण तुम्ही तिघं सरकार नि देश एवढंच बोलताय. मधला माणूस राहिला, एजंट. मी कामगारांना कायद्याचं साहाय्य देणाऱ्या एका संस्थेत व्हॉलंटियर आहे, तिथे कागदपत्रं बघून बघून हे चांगलंच डोक्यात बसलंय.

बांगलादेश सरकारच्याच २०२० च्या सर्व्हेत एका कामगाराला बाहेर जायचा खर्च सरासरी ४ लाख टक्यांच्या वर निघाला, तो भरून निघायला साधारण दीड वर्षाचा पगार लागतो. ह्यात तिकीट-व्हिसाचा खरा खर्च थोडाच. बाकी गावातला दलाल, त्याच्या वरचा दलाल, राजधानीतली एजन्सी, आणि कित्येकदा तिकडच्या कंपनीच्या कोणाला तरी द्यावा लागणारा वाटा. उलटी गंगा आहे, माणूस हवाय मालकाला आणि पैसे भरतो कामगार. जमीन गहाण, सावकाराचं व्याज, आणि उतरल्यावर हातात दुसराच करार, पगार ठरल्यापेक्षा कमी. परत जायचं म्हटलं तर कर्ज डोक्यावर, म्हणून मुकाट्याने राबायचं. आखातात कफाला पद्धतीत, म्हणजे कामगाराचं तिथलं राहणं मालकाशी बांधणाऱ्या पद्धतीत, नोकरी बदलायची तरी बऱ्याच ठिकाणी मालकाचीच मर्जी. पहिलं दीड वर्ष तो घरी जे पाठवतो ते सावकाराकडे जातं आणि आपण त्याला रिमिटन्सने होणारा विकास म्हणतो. रिमिटन्स वाईट असं नाही म्हणत मी, २०२३ ला गरीब आणि मध्यम देशांत असे साडेसहाशे अब्ज डॉलरच्या वर पैसे गेले, परकीय मदतीच्या कितीतरी पट, आणि ते थेट घरात जातात. पण २०० डॉलर पाठवायला अजूनही सरासरी सहा टक्क्यांच्या वर कापले जातात, २०३० पर्यंत तीनवर आणायचं ठरलंय.

आणि रस्ते बंद केले की काय होतं ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये दिसलं. युरोपच्या आग्रहामुळे २०१५ ला माणसांच्या तस्करीविरुद्ध कायदा केला, तिथल्या अगादेझ शहरातले ड्रायव्हर, जे तोपर्यंत उघडपणे लोकांना उत्तरेकडे न्यायचे, ते रातोरात गुन्हेगार झाले. मग वाहतूक पाण्याच्या विहिरी टाळून वाळवंटातल्या आडवाटांनी सुरू झाली. २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या लष्करी राजवटीने कायदाच रद्द केला.

काका, तुमच्या कोरियाचंच पुढचं सांगतो. त्या २००४ च्या पद्धतीत त्यांनी एजंट काढून टाकले, सरकार ते सरकार करार, भाषेची परीक्षा, मग यादी. जागतिक बँकेच्या हिशोबाने कामगाराचा खर्च साडेतीन हजार डॉलरवरून हजाराच्या आत आला. म्हणजे ठरवलं तर जमतं. अडचण आता वेगळी आहे, परीक्षा पास होणारे पुष्कळ आणि बोलावणं येणारे कमी, यादीत नाव असून वाट बघत बसलेली पोरं नेपाळमध्ये हजारोंनी आहेत.

-----

प्रेषक: काका

पोरा, हे एजंटचं आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सरकार ते सरकार पद्धत आणखी कोणी चालवतंय का? असेल तर लिंक टाक. ताई, त्या १९९० च्या अहवालाचं नाव पाठव, मी वाचतो. चाळीस वर्षं लागतात हे मान्य, पण उताराचं मी सोडलेलं नाही.

काका