लॅपटॉप चार्ज होत नाहीये आणि चालूपण होत नाहीये, काय काय बघू?

शब्दवेडी:
काल रात्री साडेअकरापर्यंत लॅपटॉप व्यवस्थित चालू होता, झाकण मिटून झोपले आणि सकाळी उघडला तर काहीच नाही. बटण दाबलं तरी पंख्याचा आवाज नाही, स्क्रीन काळी, कीबोर्डवरचा एकही दिवा लागत नाही. चार्जर लावला की जॅकशेजारचा नारिंगी दिवा तीन-चार वेळा लुकलुकतो आणि विझतो, काढून परत लावला की परत तेच. चार्जरच्या ठोकळ्यावरचा दिवा मात्र चालू राहतो. सॉकेट बदलून बघितलं, एक्स्टेन्शन काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलं, काही फरक नाही. लॅपटॉप चार वर्षं जुना, गोल पिनचा चार्जर, त्यावर १९.५ व्होल्ट ३.३३ अँपिअर असं लिहिलंय. बॅटरी आत आहे, बाहेरून काढता येत नाही. गेले काही महिने ती जेमतेम तासभर टिकायची म्हणून मी सतत चार्जर लावूनच काम करायचे. बाकी तक्रार काही नव्हती, टचपॅड हल्ली घट्ट झालाय, डावं क्लिक नीट दबत नाही, पण मी माउस वापरते त्यामुळे तिकडे लक्ष दिलं नाही.

आत माझ्या अनुवादाची दोनशेच्या वर पानं आहेत आणि शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला मदरबोर्ड गेला असणार, नवीनच घ्या. न बघता हे कसं कळतं? खरंच बोर्ड गेलाय का आणि माझी पानं गेली का, एवढं तरी कोणीतरी सांगा, सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.

पायवाट:
ताई, आधी पानांचं सांगतो. लॅपटॉप चालू होत नाही म्हणजे फाइली गेल्या असं अजिबात नाही. फाइली एसएसडीवर, म्हणजे आतल्या साठवणीच्या डिस्कवर असतात आणि बॅटरी किंवा चार्जिंगचा भाग बिघडला म्हणून एसएसडी सहसा बिघडत नाही. चार वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती च्युइंगमच्या पट्टीएवढी पट्टी असते, एका स्क्रूवर बसवलेली, ती काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी लागते. काही पातळ मॉडेलमध्ये ती बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तेवढं फक्त मॉडेल नंबरवरून बघून घ्या. आणि विंडोज असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असू शकतं, आपण स्वतः केलेलं नसलं तरी. तसं असेल तर दुसरीकडे लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असू शकते, मोबाइलवरून आत्ताच बघून लिहून ठेवा.

आता चालू करण्याचं. चार्जर काढा, माउस पेनड्राइव्ह सगळं काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद सलग दाबून धरा, सोडा, मिनिटभर थांबा, मग चार्जर लावून बटण एकदाच दाबा. बोर्डवर पॉवर सांभाळणारी एक छोटी चिप असते, ती कधीकधी अडकून बसते, वीज पूर्ण निघून गेली की ती नव्याने सुरू होते. साधा उपाय वाटतो पण मी यानेच सुरू झालेले लॅपटॉप बघितलेत.

मधलीसुट्टी:
माझ्याकडे पण सेम झालं होतं, बॅटरी एकदम शून्यावर गेली होती. चार्जर लावून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी सुरू झाला. तुम्हीपण तसंच करून बघा, काही खर्च नाही.

जुनी_सोल्डर:
थांबा ताई, रात्रभर चार्जिंगला लावू नका. लावला असेल तर आत्ता काढा.

तुम्ही टचपॅडचं जे सहज लिहिलंय तेच मला महत्त्वाचं वाटतंय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते. लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत गॅस धरून फुगते आणि पहिली टचपॅडला खालून रेटते, म्हणून क्लिक घट्ट होतं. लोकांना वाटतं टचपॅडमध्ये धूळ गेली. त्यात तुमचा लॅपटॉप कायम चार्जरवर, म्हणजे बॅटरी महिनोन्महिने १०० टक्क्यांवर आणि वरून गरम, यानेच ती लवकर म्हातारी होते, तासभर टिकणं हे त्याचंच लक्षण होतं. मधलीसुट्टी यांचा उपाय पूर्ण उतरलेल्या चांगल्या बॅटरीला लागू पडतो, फुगलेल्या बॅटरीला रात्रभर वीज देणं म्हणजे आगीशी खेळ आहे.

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि एकेका कोपऱ्यावर अलगद बोट ठेवून डुलतो का बघा. मग डोळ्याच्या पातळीवर धरून खालचं झाकण आणि वरचा भाग यांच्या मधली फट बघा, सगळीकडे सारखी आहे का मध्येच उघडलीय.

आणि बोर्डबद्दल. नारिंगी दिवा लुकलुकतो म्हणजे चार्जरची वीज जॅकमधून बोर्डपर्यंत पोचतेय आणि ती पॉवरवाली चिप जागी आहे, ती काहीतरी सांगतेय. किती वेळा लुकलुकला की काय अर्थ हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळतं. बोर्डवर कुठे पक्का शॉर्ट असता तर लॅपटॉपला पिन लावल्याबरोबर चार्जरच्या ठोकळ्यावरचा दिवा बहुतेक विझला असता, चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो. तुमचा तो चालू राहतोय. म्हणून फोनवर बोर्ड गेला म्हणणं मला पटत नाही. वीज सॉकेट, चार्जर, जॅक, बोर्ड, बॅटरी अशी जाते, ती कुठे अडते ते एकेक करून बघायचं असतं.

शब्दवेडी:
३० सेकंदांचं केलं, काही झालं नाही. पण टेबलावर ठेवला तर लॅपटॉप चक्क डुलतोय, आणि पुढच्या बाजूला मधोमध फटीत नख जातंय, कोपऱ्यांना जात नाही. चार्जर काढून ठेवलाय. शेजारच्या दादांकडे मल्टीमीटर होता, त्यांनी चार्जरची पिन तपासली, १९.६ दाखवलं. आता उघडू का? मी कधी उघडलेला नाही.

जुनी_सोल्डर:
१९.६ म्हणजे चार्जर ठीक दिसतोय. लॅपटॉप वीज ओढायला लागला की व्होल्ट खाली येणारे चार्जर असतात पण तुमच्याकडे तसं वाटत नाही.

शेजारच्या दादांना सोबत घ्या आणि घाई करू नका. चार्जर काढलेला, लॅपटॉप पालथा, खाली मऊ कापड. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरून कीबोर्ड उचलला जातो किंवा बोर्डला लागतो, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो. झाकण प्लास्टिकच्या कार्डाने बाजूबाजूने सोडवा, बॅटरीच्या बाजूने शेवटी, आणि तिकडे कार्ड खोल घालू नका, लोखंडी काहीच घालू नका. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर बोर्डपासून सोडवणं, वायरींना धरून ओढायचं नाही, प्लास्टिक दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकवायचं. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, सपाट करायला जाऊ नका, टोचू नका. स्क्रूवर असेल तर काढून घ्या, डिंकाने चिकटवलेली असेल तर खरवडत बसू नका, तशीच दुरुस्तीवाल्याकडे न्या. गरम लागली, गोडसर वास आला तर सगळं सोडून बाजूला व्हा.

बॅटरी निघाली की नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. काही मॉडेल बॅटरीशिवाय चालूच होत नाहीत, तसं झालं तर घाबरू नका, एसएसडी आहेच.

रानफूल:
मध्येच विचारते, माझा टाइप सी वाला आहे, मोबाइलच्या चार्जरने लावला तर काहीच दाखवत नाही, म्हणजे माझ्या लॅपटॉपचं पोर्ट गेलं का?

पायवाट:
लगेच तसं समजू नका. टाइप सी मध्ये चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो, मग लॅपटॉप आणि चार्जर यांचं आपसात बोलणं होतं आणि त्यानंतर ९, १५, २० असे व्होल्ट वाढतात. बऱ्याच मोबाइल चार्जरांना लॅपटॉपला लागणारे २० व्होल्ट देताच येत नाहीत, मग लॅपटॉप गप्प बसतो. केबलपण बघा, दोन्ही टोकं टाइप सी हवीत, एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असेल तर हे बोलणं होत नाही. ६० वॉटच्या वर न्यायचं तर केबलमध्ये चिप लागते. लॅपटॉप बंद करून पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा, खिशातला धाग्यांचा गोळा तळाशी दाबून बसलेला असतो आणि पिन पूर्ण आत जात नाही, तो लाकडी टूथपिकने अलगद निघतो. दुसरं पोर्ट असेल तर तेही लावून बघा, सगळी पोर्टं चार्जिंगची नसतात.

शब्दवेडी:
चालू झाला!! हात अजून थरथरतायत.

झाकण काढलं तर आत तीन चंदेरी पाकिटं शेजारी शेजारी, दोन सपाट आणि मधलं उशीसारखं टम्म फुगलेलं, त्याचं वरचं आवरण इतकं ताणलेलं की चमकत होतं, टचपॅडच्या मागच्या पत्र्याला टेकलेलं. कनेक्टर सुटायला पाच मिनिटं लागली, चार स्क्रू होते, बॅटरी एकसंध बाहेर आली, आत्ता बाल्कनीत फरशीवर मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत ठेवलीय. मग नुसत्या चार्जरवर बटण दाबलं, दोन सेकंद काही नाही आणि एकदम पंखा फिरला. सगळ्यात आधी अनुवादाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, सगळी पानं आहेत, कालचा शेवटचा परिच्छेदसुद्धा आहे. टचपॅडचं क्लिकपण आता पहिल्यासारखं टकटक वाजतंय. जुनी_सोल्डर, तुम्ही थांबा म्हणाला नसता तर मी आज रात्री तो पलंगाशेजारी चार्जिंगला लावून झोपणार होते, खरंच मनापासून आभार.

मधलीसुट्टी:
मी सांगितलं ते चुकीचं होतं, वाईट वाटतंय. माझंही टचपॅड आत्ता जाऊन बघितलं, ठीक आहे.

जुनी_सोल्डर:
खूप बरं वाटलं वाचून. बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या आणि देताना फुगलीय असं तोंडाने सांगा. नवीन घेताना जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळले पाहिजेत, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, थोडे कमीजास्त असले तर चालतात. बसवल्यावर कंपनीच्या सेटिंगमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्याय आहे का शोधा, तुम्ही कायम लावून काम करता त्यामुळे तो चालू ठेवा. तोवर नुसत्या चार्जरवर चालवताना पिन सुटली की लॅपटॉप त्याच क्षणी बंद, दर दोन ओळींनी सेव्ह करा.

शब्दवेडी:
एक शेवटचं, तारीख चुकीची दाखवतोय, काही वर्षं मागची, आणि कुठलीच वेबसाइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. हा अजून एक बिघाड आहे का?

पायवाट:
नाही ताई. काही लॅपटॉपमध्ये घड्याळासाठी वेगळा सेल नसतो, ते मोठ्या बॅटरीवरच चालतं, ती काढली की घड्याळ मागे जातं. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, मुदत असते, तारीख चुकली की ब्राउझर ते नाकारतो. तारीख-वेळ हाताने दुरुस्त करा, साइट लगेच उघडतील. नवीन बॅटरी बसेपर्यंत चार्जर काढला की दर वेळी हे करावं लागेल.

शब्दवेडी:
केलं, उघडल्या.