आई डोळ्यांची अपॉइंटमेंट दरवेळी का चुकवते?

कांजूरकर_७:
आईला १४ वर्षं शुगर आहे, वय ६३. डॉक्टरांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या म्हणून सांगितलंय, दादरला नाव घातलंय, आणि बाईसाहेब सलग तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. एकदा पितृपक्ष होता, एकदा गॅसवाला येणार होता, परवा तर म्हणे पाऊस, आणि त्याच पावसात संध्याकाळी बाजारात जाऊन बोंबील घेऊन आली. विचारलं की एकच, "दिसतंय की मला, सुईत दोरा ओवते अजून." गुडघ्याच्या डॉक्टरकडे मात्र वेळेच्या अर्धा तास आधी हजर. ओरडून झालं, काय करू?

ओपीडीतली_ताई:
दादा, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कुठे ते राहू दे. गुडघा दुखतो म्हणून माणूस येतो, पडदा दुखत नाही ना. शुगरने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या तरी सुरुवातीला तक्त्यावरची शेवटची ओळ नीट वाचता येते, त्यामुळे सुईदोऱ्याचं सर्टिफिकेट आमच्याकडे चालत नाही 😄 आणि बऱ्याच जणांना वाटतं चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले. तसं नसतं, पडदा नीट बघायचा तर थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते.
आणखी एक, आमच्याकडे पेशंटच्या नावापुढे फोन असतो मुलाचा. आदल्या दिवशी आम्ही फोन करतो, मुलगा मीटिंगमध्ये, घरी आईला काही पत्ताच नाही. तुमच्या केसपेपरवर कोणाचा नंबर आहे बघा. आणि मागच्या वेळी त्यांच्यासोबत कोण गेलं होतं?

लालबाग_काका:
मी चुकवणाऱ्यातलाच, म्हणून सांगतो. काचबिंदू निघाला, थेंब दिले, तीन महिन्यांनी डोळ्यातलं प्रेशर बघायला बोलावलं. बाटली संपली, डोळ्याला काही होत नव्हतं, मीही सोडून दिलं, दोन वर्षं. मग दादरच्या पुलावर डाव्या बाजूने सारखे धक्के लागायला लागले, मी लोकांनाच शिव्या घालायचो, आंधळे झालेत का सगळे म्हणून. तपासलं तर डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली. समोरचं व्यवस्थित दिसतं हो, पण कडेचं गेलं ते गेलं, आता थेंब फक्त उरलेलं राखायला. सख्ख्या भावंडांनाही धोका असतो म्हणून धाकट्याला मी स्वतः ओढून नेला.
आता एकही तारीख चुकत नाही, कारण काउंटरवरून निघतानाच पुढची घेतो आणि घरी आल्या आल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितो. दूध काय रोज बघावंच लागतं.

मुलुंडची_सून:
ओरडू नका हो आईंवर. आमच्या सासूबाई म्हणायच्या मोतीबिंदू पिकू दे, थंडीत काढू, अशा चार थंड्या गेल्या. खरं कारण वेगळंच होतं, ऑपरेशननंतर थेंब कोण घालणार, सगळे कामाला जातात. बोलल्या नाहीत कधी. शेवटी वेळा लिहून फ्रिजवर कागद लावला, सकाळचे मी, दुपारचे शेजारच्या काकू, रात्रीचे हे, आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःहून तयार.

कांजूरकर_७:
@ओपीडीतली_ताई केसपेपरवर नंबर माझाच निघाला. दोन मिस्ड कॉल पण होते 🙈
आणि सोबत कोण होतं विचारलंत ना, कोणीच नव्हतं, मी म्हटलेलं थेंबच तर घालतात, ये एकटी. काल जेवताना सहज विषय काढला तेव्हा सांगितलं तिने. बाहेर आली तर उन्हात डोळे उघडवत नव्हते, मोबाईलवरचं एक अक्षर लागत नव्हतं, स्टेशनवरचा इंडिकेटर नुसता लाल धुरळा. कोणाला विचारायची लाज वाटली म्हणून गर्दी चढली त्या गाडीत चढली, ती निघाली फास्ट लोकल. खिडकीतून आमचं कांजूर न थांबता गेलं तेव्हा कळलं, ठाण्याला उतरली, तिथे बाकड्यावर तासभर बसून राहिली नजर थोडी येईपर्यंत. घरी येऊन आम्हाला म्हणाली दादरला भाजी घेत होते.
हे ऐकल्यावर काय ओरडणार, कपाळ.
शनिवारची सकाळची घेतलीये, मी जाणार, येताना टॅक्सी. आईने लगेच टॅक्सीला किती होतील विचारून घेतलं. थेंबांचा अंमल किती वेळ राहतो? आणि येताना लावायला गॉगल फुटपाथवरचा चालेल की चांगला घेऊ?

ओपीडीतली_ताई:
चार-सहा तास धरून चला, कोणाला जास्तही लागतात. फुटपाथवरचा नको, मोठी टोपी आणि बऱ्यापैकी गॉगल आणा. आणि त्या दिवशी संध्याकाळी त्यांना बोंबील साफ करायला बसवू नका.