कयाकचा ‘रोल’: पलटी की सुलटी?

प्रश्नकर्ती: सागरी कयाकच्या (माणूस आत बसून वल्हवतो त्या अरुंद होडीच्या) सूचना मराठीत आणतेय. फुटत्या लाटेत कयाक उलटली, तर बाहेर न पडता वल्ह्याने ती सरळ करायची, या क्रियेला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘रोल’ला, मी ‘पलटी’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडलं: पलटी म्हणजे तर अपघात. पण ‘कूस पलटली’ म्हणतो, त्यात अपघात कुठे आहे?

वल्हेकरी: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. ‘पलटी खा’ आणि ‘पलटी मार’ यांतला फरक पाण्याखाली कोण लक्षात ठेवणार? मी शिकवताना ‘रोल’च म्हणतो. आधी कमरेचा झटका, डोकं सगळ्यात शेवटी. श्वासासाठी डोकं आधी उचललं की कयाक परत पालथी.

शब्दप्रेमी: ‘उलट’ला ‘सुलट’ आहे की! आजी म्हणायची, कपडे सुलटे करून वाळत घाल. ‘कयाक सुलटवा’ लिहा. घरात शब्द असताना उसना कशाला?

वल्हेकरी: रिकामी कयाक बाहेर उभं राहूनही सुलटवता येते. रोलमध्ये माणूस आत असतो. तो फरक शब्दात हवा.

शब्दप्रेमी: मग ‘रोल’ या शब्दात तरी माणूस कुठे दिसतो?

भरती: ‘एस्किमो रोल’ मात्र लिहू नका, ते नाव अनेक इन्युइटांना, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांना, अपमानास्पद वाटतं. विद्या त्यांची, कयाक हा शब्दही त्यांचाच. आणि वर्णन नेमकं हवंच. ऑस्ट्रियाचा हान्स पावलाटा १९२७ मध्ये लेखी वर्णनांवरूनच रोल शिकला.

प्रश्नकर्ती: पुढचं वाक्यही बघा. लाट आडवी आली तर ‘लाटेकडे झुका’, असं केलंय.

वल्हेकरी: दिशा अगदी बरोबर. नवखा माणूस भिऊन किनाऱ्याकडे कलतो आणि लाट त्याला तिकडेच उलथवते. पण नुसतं झुकून भागत नाही, वल्हं लाटेवर टेकवून भार द्यायचा. मी ‘लाटेवर रेला’ म्हणेन.

शब्दप्रेमी: रेलणं आरामाचं असतं. लोडाला रेलतात, लाटेला नाही.

भरती: लोडाला रेलतो कारण तो भार घेतो. इथे लाट घेते. मला ‘रेला’ पटलं.

शब्दप्रेमी: मला नाही. ‘भार टाका’ म्हणा.

वल्हेकरी: ‘भार टाका’ ऐकून माणूस सगळं अंग वल्ह्यावर टाकेल, हात उंच जाईल आणि खांदा निखळेल. कोपर अंगाजवळ हवं, हे त्याच वाक्यात घाला.

प्रश्नकर्ती: घालते. आणि ‘रोल’चं काय करू?