अनुभव धागा: या आठवड्यात हाताने काय केलंत, जुनं काय सापडलं?

पाटीपेन्सिल
आवराआवरीत माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली आणि आवराआवरी तिथेच थांबली. आत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वेळचा ड्रॉईंग बोर्ड, स्मरणचित्रांचा गठ्ठा (जत्रा, बसथांबा, नळावरची गर्दी, सगळ्या बायका एकाच बाजूला बघतायत, कारण दुसऱ्या बाजूचं नाक मला जमायचं नाही) आणि दगड झालेल्या जलरंगाच्या ट्यूबा. आता या परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणे. आम्ही शाळा बुडते म्हणून बसायचो.

ट्यूबा टाकू नका. ब्लेडने उभी चिरायची, खडा बशीत काढायचा, ओला कुंचला फिरवायचा. जलरंगात डिंक असतो, तो पाण्याने पुन्हा सुटतो. अ‍ॅक्रिलिक मात्र एकदा वाळलं की संपलं. त्या खड्यांवर सध्या रोज संध्याकाळी एक वस्तुचित्र चाललंय, स्मरणचित्रांच्याच पाठकोऱ्या कागदांवर. पितळी तांब्या, लिंबू, मागे चुण्यांचा पडदा. तांब्याची चकाकी अजून हाती लागत नाही.

तुमचंही येऊ द्या. नुसतं 'आमच्याकडेही होतं हो' नको. सापडलं त्याचं पुढे काय केलंत ते लिहा.

तळकोकण
आजोळच्या कपाटात सरकत्या झाकणाची रंगीत लाकडी पेटी निघाली, आत सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. पूर्ण डावात १२० गोल पानं. दहा अवतार, प्रत्येकाची १२: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. आमच्या डावातली मत्स्य आणि परशुरामाची पानं बरीच गळालेली, त्यामुळे 'अर्धवट आहे' म्हणून इतकी वर्षं कोणी हात लावला नव्हता.

मी गळालेली पानं करायला घेतलीत. जुनी रीत म्हणजे कापडाला चिंचोक्याची खळ चढवायची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजत घालून वाटायचे आणि पाण्यात शिजवायचे. (मिक्सर घरच्यांनी जप्त केलाय.) खळ दिलेलं कापड थरावर थर चिकटवून वाळवायचं, गुळगुळीत गोट्याने घोटायचं, मग गोल कापायचं. मासे भराभर जमले. परशूची दश्शी रडवते. एवढ्याशा गोलात दहा कुऱ्हाडी झीरो नंबरच्या ब्रशने बसवायच्या. सहा-सात नीट येतात, पुढच्यांचे दांडे एकमेकांत घुसतात.

नवी पानं जुन्यांशेजारी भडक दिसतात. मामा म्हणाले, चहाच्या पाण्यात बुडव. नाही बुडवणार. जुनी कुठली आणि माझी कुठली ते दिसलं पाहिजे.

खेळही मामांकडूनच शिकतोय. दिवसा बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. तीन भिडू लागतात. तिसरा मिळत नाहीये, आणि सगळ्यांना मोबाईलवरच रमी खेळायची आहे.

कल्याण लोकल
पुण्याच्या जुन्या बाजारात एकाने लक्ष्मी दाखवली, 'ओरिजिनल रविवर्मा प्रेस'. भिंग खिशात असतंच. हल्लीच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, जाळीसारखे बसलेले दिसतात. जुन्या शिळाछापाला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि ठिपके कारागिराने हाताने दिलेले, त्यामुळे वेडेवाकडे. ही लक्ष्मी जाळीवाली निघाली. १८९४ मध्ये मुंबईत निघून पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या छापखान्याशी तिचा काही संबंध नव्हता. फ्रेम मात्र शिसवी होती. चित्र त्याला परत दिलं, फ्रेम घेतली आणि रोज थोडी थोडी पॉलिश पेपरने घासून जवसाचं तेल दिलं.

पाटीपेन्सिल
छान! आत काय लावणार?

कल्याण लोकल
अजून काही नाही. रिकामीच टांगलीय. येणारा जाणारा विचारतो, कोणाचा फोटो होता?

जर्सीवाली काकू
आईची रांगोळीची वही यंदा सामानातून इकडे आणली. चौकटीचा कागद, पानाच्या डोक्यावर '१५ ते ८'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत आठपर्यंत. बेरीज १६९. इथे अंगण नाही, गाडी लावायचा उतार आहे, आणि वारा रांगोळी टिकू देत नाही. म्हणून खडूने काढली. ठिपके दिसायला मोठे द्यावे लागतात, रेघही जाड येते, त्यामुळे मधलं कमळ जरा बोजड झालं. पण शेजारची मुलगी येऊन बसली आणि कडेच्या पाकळ्या तिने एकटीने जोडल्या. काही पानांच्या कडेला दूधवाल्याचा हिशेब आहे. वहीची झेरॉक्स काढली तेव्हा तोही येऊ दिला.

रीळवाला
वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा. फोकस वगैरे काही नाही. मागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत रीळ फिरवायचं, खटका दाबायचा, १२ फोटो संपले की संपले. १२० नंबरचं रीळ अजून मिळतं. धुवायला दिलंय.

बांधणीवाला
हौसेने बुक बाइंडिंग करतो, म्हणून वरच्या सगळ्यांना एक विनंती. जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी टेप गळून पडते, डिंकाचा पिवळा पट्टा मात्र कागदातच मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. फाटलं असेल तर पातळ टिश्यू आणि मैद्याची खळ, म्हणजे उद्या कोणाला काढावंसं वाटलं तर ओलं करून काढता येतं. या आठवड्यात अशीच पाककृतींची एक वही शिवली. तेलाचे डाग तसेच ठेवले, कारण त्यांवरूनच कळतं कुठला पदार्थ वरचेवर व्हायचा. अनारशांचं पान कोरं करकरीत आहे.

तळकोकण
@बांधणीवाला, या खळीला झुरळं लागतात का हो? माझी पानं त्याच कपाटात जाणार आहेत.

बांधणीवाला
लागतात, कसरही लागते. जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे. पण ते विषारी आणि कागदालाही फारसं चांगलं नाही. तुमच्या पानांना वरून लाखेचा हात द्या आणि पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. मोरचूद घातलंच, तर भांडं वेगळं घ्या. मिक्सर मग कायमचा जाईल.